नागपुरात ग्लुटेन टाळून कमी खर्चात बाहेर खाणे: काय, कोणत्या क्रमाने तपासावे

ग्लुटेन, म्हणजे गहू आणि जव यांत असणारे प्रथिन, वर्ज्य असलेली माणसे बाहेर जेवायला जातात तेव्हा आधी पदार्थ ठरवतात, मग टेबलावर बसतात, आणि शेवटी पोटात कावळे ओरडू लागल्यावर वाढप्याला विचारतात, “भाऊ, यात गहू आहे का?” वाढपी “नाही” म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. ज्वारीच्या भाकरीत गहू नसतोच, मात्र ती थापताना परातीत कणीक भुरभुरली होती, हे त्याला कोणी विचारलेले नसते. पुढचे टप्पे नेमका उलटा क्रम सांगतात: आधी स्वतःची तयारी, मग स्वयंपाकघराची निवड, मग वेळ, मग प्रश्न, आणि पदार्थ सर्वांत शेवटी. हे टप्पे मुख्यतः सिलिएक आजार असलेल्यांसाठी लिहिले आहेत.

## टप्पा १: आपल्याला किती काटेकोर राहायचे आहे, ते आधी निश्चित करावे

सिलिएकमध्ये ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. त्यामुळे “आज थोडेसे चालेल” हा हिशेब इथे लागू पडत नाही, आणि त्रास जाणवला नाही म्हणून इजा झाली नाही असेही होत नाही. दिवसाला सुमारे १० मिलीग्रॅमपर्यंतचे ग्लुटेन बहुतेक रुग्णांना इजा करत नाही, पण ५० मिलीग्रॅम रोज पोटात जात राहिले तर आतड्याला इजा होते, असे अभ्यासांतून दिसले आहे. कणकेच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर ५० मिलीग्रॅम ग्लुटेन म्हणजे केवळ अर्धा ग्रॅम कणीक होते. भाकरीच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले कोरडे पीठ सहज तेवढे भरते. हा आकडा लक्षात राहिला की पुढची बारीकसारीक विचारपूस उगाच वाटत नाही.

इशारा. निदान झालेले नसताना केवळ संशयावरून गहू बंद करू नये. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि त्यानंतरची आतड्याची तपासणी रोजच्या आहारात गहू असतानाच विश्वासार्ह ठरते. आधी गहू सोडून मग तपासणीला गेलेल्यांना खोटा दिलासा मिळण्याची शक्यता असते.

दुसरा इशारा. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा विकार आहे. खाल्ल्यावर ओठ सुजणे, अंगावर पित्त उठणे किंवा दम लागणे असे ज्यांना होते, त्यांनी या लेखातील तुलनेने कमी धोक्याच्या पर्यायांवरही विसंबू नये. अशी लक्षणे दिसल्यास वेळ न घालवता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

## टप्पा २: गव्हाची सगळी नावे पाठ करावीत

कणीक, मैदा, रवा, दलिया आणि शेवया ही सर्वांच्या ओळखीची नावे आहेत. खपली हासुद्धा गहूच आहे आणि तो “पचायला हलका” असला तरी सिलिएकमध्ये वर्ज्य आहे. जव आणि जवापासून बनणारे माल्टही चालत नाही, त्यामुळे दुधात घालायच्या बऱ्याच माल्टयुक्त भुकट्या, बाजारातले बहुतेक कॉर्नफ्लेक्स आणि बिअर यादीतून जातात. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून हातगाडीवरचे चायनीज तांदळाचे असले तरी वर्ज्यच समजावे.

विदर्भात एका नावाने हमखास फसगत होते, ते म्हणजे सातूचे पीठ. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी होणारे हे पीठ भाजलेला गहू आणि फुटाणे किंवा डाळे यांचे असते. उत्तर भारतातील सत्तू बहुधा केवळ चण्याचे असते. उन्हातून आलेल्या माणसापुढे कोणी मायेने गूळ घातलेले सातूचे पीठ ठेवले, तर “चण्याचेच असेल” असे गृहीत धरू नये.

तांदूळ, पोहे, मुरमुरे, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, बेसन आणि सर्व डाळी मुळात ग्लुटेनमुक्त आहेत. कुट्टूच्या इंग्रजी नावात “व्हीट” हा शब्द येतो म्हणून काहीजण तो टाळतात. त्याचा गव्हाशी काहीही संबंध नाही. ओट्समध्ये गव्हाची भेसळ इतकी सर्रास असते की प्रमाणित पाकीट नसेल तर ते टाळणेच बरे.

राहता राहिले हिंग. खडा हिंग हा झाडाचा चीक आहे, पण डबीत मिळणारी हिंगाची पूड म्हणजे थोड्या हिंगात मैदा किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळून केलेले मिश्रण असते. डबीवरील घटकांची यादी वाचल्यावर ती पूड कोणत्या पिठाची आहे ते कळते. हॉटेलात ती डबी आपल्या हाती क्वचितच येते. इथे प्रमाणाचा विचार करावा लागतो. मोठ्या पातेल्यातील वरणाला चमचाभर पूड पडली असेल तर एका वाटीत तिचा अंश थोडा येतो, पण “दाल तडका” मागवल्यावर जी स्वतंत्र फोडणी होते, तिच्यातील सगळी पूड आपल्याच वाटीत उतरते. वडाभातावर वरून ओतल्या जाणाऱ्या फोडणीच्या तेलाचेही तसेच आहे. म्हणून मी बाहेर फोडणीशिवायचे साधे वरण मागतो, आणि फोडणी हवीच असेल तर फक्त मोहरी-जिऱ्याची करायला सांगतो. घरासाठी खडा हिंग किंवा तांदळाच्या पिठाची पूड इतवारीच्या किराणा बाजारात शोधावी.

## टप्पा ३: डबा आणि पैसे यांची घरीच आखणी करावी

बाहेर खाण्याचा खर्च वाढतो तो मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे भुकेने कासावीस होऊन महागड्या ठिकाणी शिरणे, आणि दुसरे म्हणजे पूर्ण थाळीचे पैसे भरून तिच्यातील पोळ्या, पुऱ्या आणि गोड पदार्थ परत पाठवणे. अमर्याद थाळी आपल्यासाठी जवळजवळ नेहमीच तोट्याची असते. “पोळीऐवजी भात द्या” अशी विनंती बहुतेक ठिकाणी मान्य होते, पण किंमत तीच राहते. त्यापेक्षा साधा भात, वरण आणि दही सुटे मागवले की बिल पुष्कळ उतरते.

सगळ्यांत स्वस्त आणि सुरक्षित पद्धत अशी: भाकरी घरची न्यावी आणि पातळ भाजी, रस्सा किंवा दही तेवढे बाहेर घ्यावे. लहान भोजनालयांत आधी विचारले तर सहसा कोणी हरकत घेत नाही. “काका, मला गहू चालत नाही, भाकरी माझी आहे, भाजी-भात तुमच्याकडून घेतो” एवढे सांगणे पुरते. न विचारता डबा उघडून बसणे मात्र मालकाला अपमानास्पद वाटते, आणि ते रास्तच आहे.

ही भाकरी खरोखर ग्लुटेनमुक्त असायला हवी असेल तर तिचे पीठ कुठे दळले जाते, तिथपर्यंत मागे जावे लागते. गल्लीतील पिठाच्या गिरणीवर एकाच जात्यातून गव्हानंतर ज्वारी दळली जाते, आणि जात्यात राहिलेली कणीक आपल्या पिठात उतरते. आधी किलोभर ज्वारी दळून ती बाजूला काढली तरी ते जाते पुरते स्वच्छ होते, याची खात्री नसते. ज्वारी अखंड दाण्याची आणावी, ताटात पसरून गव्हाचे दाणे वेचावेत, धुऊन वाळवावी आणि घरच्या, केवळ याच कामासाठी राखलेल्या छोट्या चक्कीत दळावी. घरगुती चक्की सुरुवातीला महाग वाटते, परंतु दुकानातील ग्लुटेनमुक्त ब्रेड आणि बिस्किटे ज्वारीच्या कितीतरी पट महाग असल्याने कालांतराने हिशेब जुळतो.

पिशवीत नेहमी असाव्यात अशा वस्तू थोड्याच आहेत: झाकणाचा स्टीलचा डबा, स्वतःचा चमचा, दोन केळी किंवा मोसमात संत्री, घरी भाजलेले शेंगदाणे, आणि टप्पा ६ मध्ये दिलेली चिठ्ठी. भडभुंज्याकडचे फुटाणे घेण्याआधी त्याच कढईत, त्याच वाळूत गहू भाजतात का, ते विचारावे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना दहीभाताचा डबा दुपारपर्यंत टिकत नाही, म्हणून त्या दिवसांत कोरडी भाकरी, मुरमुरे आणि गुळाचा खडा न्यावा.

तपासणी. घरून निघण्यापूर्वी थोडे खाल्ले आहे का? पोट रिकामे असेल तर पुढच्या टप्प्यांवरचे “नको” म्हणणे जमत नाही.

## टप्पा ४: पदार्थाआधी स्वयंपाकघर निवडावे

ज्या ठिकाणी गव्हाचा एकही पदार्थ होत नाही, ते ठिकाण कितीही साधे असले तरी पोळी-नान देणाऱ्या चकचकीत हॉटेलपेक्षा आपल्यासाठी चांगले. या एकाच कसोटीवर नागपुरातील नेहमीच्या जागा लावून पाहाव्यात.

जिथे पीठच नाही. फळांची गाडी, शहाळे, उकडलेली अंडी, निखाऱ्यावर भाजलेले कणीस, रसवंती. यांत विचारण्यासारखे फारसे नसते. अंड्याच्या गाडीवर मात्र उकडलेली अंडी सोललेली न घेता सालासकट घ्यावीत, कारण सोलणारे हात पावालाही लागलेले असतात. ऑम्लेट आणि भुर्जी ज्या तव्यावर होते त्याच तव्यावर लोण्यात पाव भाजला जातो, म्हणून ती टाळावी. कणसाला मसाल्याऐवजी नुसते मीठ-लिंबू लावायला सांगावे.

उपवासाचे पदार्थ. माझ्या मते आपल्यासाठी बाहेरचे सर्वांत दुर्लक्षित दालन हेच आहे. मराठी पद्धतीच्या उपवासात गहू चालत नाही आणि फोडणीत हिंगही सहसा नसते, म्हणजे आपले दोन्ही मोठे धोके धार्मिक नियमानेच दूर झालेले असतात. साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, रताळ्याचा कीस हे सर्व पदार्थ स्वस्त आणि पोटभरीचे आहेत. संकष्टी चतुर्थी, एकादशी, महाशिवरात्र आणि नवरात्र या दिवशी अनेक दुकानदार उपवासासाठी वेगळी कढई आणि वेगळे भांडे ठेवतात, कारण त्या दिवशी सरमिसळ झालेली गिऱ्हाइकांना खपत नाही. कॅलेंडरवर या तिथींना खूण करून ठेवावी आणि बाहेरच्या कामांचे दिवस शक्य तिथे त्यांच्याशी जुळवावेत. इतर दिवशी मात्र साबुदाणा वडा समोशाच्याच तेलात तळला जातो. तळण्याच्या उष्णतेने ग्लुटेन नष्ट होत नाही, त्यामुळे तो वडा तेव्हा आपला नाही. खिचडी चालू शकते, वडा चालत नाही, असा भेद करावा लागतो.

इडली-डोशाची ठिकाणे. इडली वाफेवर, स्वतंत्र साच्यात होते, म्हणून ती पहिली पसंती. येथे एक शब्दाचा घोळ आहे. बाजारात “इडली रवा” म्हणून मिळतो तो तांदळाचा असतो, तर “रवा इडली” गव्हाच्या रव्याची असते. आचारी “रव्याची आहे” म्हणाला तर कोणता रवा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. डोशाच्या पिठात कुरकुरीतपणासाठी मैदा किंवा रवा घालण्याची पद्धत काही ठिकाणी असते, आणि ती नसली तरी त्याच तव्यावर रवा डोसा झालेला असतो. पाणी शिंपडून केरसुणीने किंवा फडक्याने पुसलेला तवा आपल्या दृष्टीने स्वच्छ नव्हे. सांबारात हिंग असते. खोबऱ्याची चटणी बिनफोडणीची मिळाली तर तिच्यासोबत इडली खावी.

तर्री पोहे. कस्तुरचंद पार्कपासून चौकाचौकातील टपऱ्यांपर्यंत सकाळी मिळणारा हा पदार्थ घटकांच्या दृष्टीने चांगला आहे: पोहे तांदळाचे, तर्री चण्याची. अडचण शेजारच्या परातीत असते. त्याच हाताने समोसा-कचोरी दिली जाते, आणि पोह्यांवर जी शेव किंवा फरसाण पडते तिच्यात मैद्याचे तुकडे मिसळलेले असू शकतात. तर्री दाट करायला काय घातले आहे, आणि फोडणीत हिंग आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. “शेव नको” हे प्लेट हातात घेण्याआधी सांगावे. वरची शेव चमच्याने काढून टाकल्याने काम होत नाही.

सावजी भोजनालये. महाल, इतवारी, सक्करदरा या भागांत जेवायला बसलात तर सर्वांत कमी धोक्याचा मार्ग म्हणजे रस्सा आणि भात. रस्सा कोणत्या पिठाने किंवा वाटणाने दाट केला आहे, ते विचारावे. पाटोडी बेसनाची असते, परंतु सुटे बेसन गिरणीतलेच असल्याने वरची गिरणीची अडचण तिलाही लागू होते. भाकरीबाबत तीन प्रश्न अटळ आहेत: पिठात कणीक मिसळता का, थापताना कोणते पीठ लावता, आणि तवा पोळीचा आहे का. भाकरी मोडू नये म्हणून थोडी कणीक घालणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मते ती तरीही ज्वारीचीच भाकरी असते. मी स्वतः यातच फसलो होतो. एका भोजनालयात मी महिनाभर निर्धास्तपणे भाकरी खात होतो आणि पोट का बिघडते ते कळत नव्हते, शेवटी भाकरी करणाऱ्या मावशींना थेट विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “मूठभर कणीक तर टाकावीच लागते ना, बाबू.” महिनाभर मी तो प्रश्न फक्त गल्ल्यावरच्या माणसाला विचारत आलो होतो.

टाळाव्यात अशा जागा. नान आणि रोटीच्या तंदूरची हॉटेले, चायनीजच्या गाड्या, पाणीपुरी-चाट, आणि फुटाळा तलावाच्या काठावरील संध्याकाळची बहुतेक तळणीची दुकाने. पंजाबी हॉटेलातील मिस्सी रोटी बेसनाची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात कणीक असतेच. मुगाचे वडे घटकांनी निर्दोष, पण वरच्या साबुदाणा वड्यासारखेच समोशाच्या तेलात तळलेले असले तर तेलाने दूषित. घरपोच मागवण्याच्या ॲपवर सूचना लिहिण्याची चौकट असते, पण ती आचाऱ्यापर्यंत पोहोचली की नाही हे तपासण्याचा कोणताही मार्ग आपल्याकडे नसतो.

मोठ्या साखळी हॉटेलांचा एक उपयोग आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबल-नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांतील ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे अपेक्षित आहे. ती माहिती मागावी. मात्र ती केवळ घटकांपुरती असते. तवा, तेल आणि हात यांच्याबद्दल ती काही सांगत नाही.

पाकीटबंद वस्तू. संत्रा बर्फी, चिवडा किंवा पेढे प्रवासात घ्यायचे असतील तर सुटे न घेता बंद खोक्यातील घ्यावेत आणि घटकांखालची ॲलर्जीची ओळ वाचावी. भारतात “ग्लुटेनमुक्त” असा दावा करायचा तर किलोमागे २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. “कमी ग्लुटेन” म्हणजे २० ते १०० मिलीग्रॅम, आणि ते सिलिएकसाठी नाही. पाकिटावरील हिरवा ठिपका शाकाहाराचा असतो. हे सांगण्याची गरज वाटू नये, पण त्या ठिपक्यावर भरवसा ठेवणारे मी पाहिले आहेत.

## टप्पा ५: गर्दीच्या आधी पोहोचावे

दुपारी एक ते अडीच आणि रात्री साडेआठनंतर कोणताही आचारी आपले प्रश्न ऐकून घेण्याच्या स्थितीत नसतो. बारा वाजता किंवा संध्याकाळी सातला गेल्यास तीन गोष्टी साधतात: भांडी नुकती घासलेली असतात, पातेल्यात अजून दहा जणांचे चमचे फिरलेले नसतात, आणि मालकाला बोलायला वेळ असतो. पोह्यांच्या टपरीवर पहिले पातेले उघडते तेव्हाच जावे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू असताना सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्स परिसरात दिवसभर रीघ असते. त्या आठवड्यांत या भागात काम असेल तर डबाच न्यावा.

## टप्पा ६: योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारावा

प्रश्न शक्यतो प्रत्यक्ष स्वयंपाक करणाऱ्याला विचारावा, ते जमत नसेल तर मालकाला, आणि वाढप्याला सर्वांत शेवटी. “ग्लुटेन” हा शब्द वापरू नये. “सिलिएक” तर नाहीच. सिलिएक ही ॲलर्जी नाही हे खरे असले तरी गल्ल्यावर उभे राहून वैद्यकशास्त्र शिकवण्यात अर्थ नाही. “गव्हाची ॲलर्जी” म्हटले की समोरचा सावध होतो आणि आपले काम होते.

“आहे का” या प्रश्नाला “नाही” हे उत्तर फार स्वस्तात मिळते. त्याऐवजी कृती विचारावी:

१. “दादा, हा रस्सा दाट करायला काय टाकता?”
२. “ताई, भाकरी थापताना परातीत कोणतं पीठ घेता?”
३. “या तेलात आज अजून काय काय तळलं?”
४. “काका, हिंगाची डबी दाखवता का जरा?”

नागपुरात भटारखान्यातील बरेच कारागीर हिंदी बोलणारे असतात. त्यांच्यासाठी “भैया, आटा, मैदा, सूजी बिल्कुल नहीं चलेगा, हाथ लगा हुआ भी नहीं” हे वाक्य तोंडपाठ असावे. “मैदा” हा शब्द वेगळा उच्चारणे महत्त्वाचे आहे, कारण अनेकांच्या लेखी मैदा म्हणजे गहू नव्हे.

पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर ठळक अक्षरांत पुढील मजकूर लिहून न्यावा आणि मागच्या बाजूला तोच हिंदीत लिहावा:

“मला गव्हाचा गंभीर त्रास आहे. कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, जव आणि सोया सॉस थोडेही चालत नाही. कृपया हात आणि भांडे साबणाने धुऊन, स्वच्छ डावाने माझे जेवण वाढावे. त्यावर शेव, फरसाण किंवा डबीतले हिंग घालू नये. भात, डाळ, दही, भाजी, अंडी आणि मांस मला चालते.”

शेवटचे वाक्य गाळू नये. काय चालत नाही याचीच यादी वाचून आचारी गोंधळतो आणि “मग इथे तुमच्यासाठी काहीच नाही” म्हणून मोकळा होतो. साबणाचा उल्लेखही मुद्दाम आहे: हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाने जंतू मरतात, पण पीठ हातावरच राहते.

उत्तरे कशी वाचावीत. “थांबा, आत विचारून येतो” हे सर्वांत चांगले उत्तर आहे. स्वयंपाकघराकडे न पाहता आलेले घाईचे “नाही नाही, काही नाही” मोजू नये; तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारावा. “थोड्याशाने काय होते” किंवा “काही होत नाही, बिनधास्त खा” असे ऐकू आले तर वाद न घालता चहा घेऊन निघावे. असे सांगणारा माणूस वाईट नसतो, त्याला फक्त आपला प्रश्न पटलेला नसतो, आणि न पटलेल्या माणसाच्या हातचे जेवण आपल्याला परवडत नाही.

## टप्पा ७: आता पदार्थ सांगावा आणि ताट आल्यावर पाहावे

एका वेळी दोनच पदार्थ मागवावेत. पदार्थ वाढले की सरमिसळीच्या जागा वाढतात, आणि नंतर त्रास झाला तर कशाने झाला ते शोधता येत नाही. साधा भात, बिनफोडणीचे वरण आणि दही हा नीरस पण भरवशाचा मेळ आहे. नव्या ठिकाणी पहिल्यांदा तोच घ्यावा. रस्सा, उसळ वगैरे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

ताट समोर आल्यावर हात घालण्यापूर्वी चार ठिकाणी पाहावे. भातावर पोळी किंवा पुरी टेकवून ठेवली आहे का? पापडाखाली मैद्याची मठरी वगैरे आहे का? भाजीवर पिठाची भुकटी किंवा पावाचे तुकडे आहेत का? आणि वाढप्याने पोळीला लागलेलाच हात भातात घातला का? काही आढळल्यास पोळी उचलून घेऊन तेच ताट परत न आणता नवे ताट द्यावे, असे शांतपणे आणि स्पष्टपणे सांगावे. याच कारणासाठी ताट नजरेआड जाऊ देण्यापूर्वी दुसरे ताट मागावे. भांडे बदलले की नाही ते दिसले पाहिजे.

कुटुंबासोबत असताना इतरांच्या पोळ्यांचे तुकडे सामायिक वाटीत बुडतात. आपली भाजी आणि चटणी आधीच वेगळ्या वाटीत काढून घ्यावी. लग्नाच्या पंगतीत किंवा बुफेत वाढणीचे चमचे एका भांड्यातून दुसऱ्यात फिरत असतात, तेव्हा रांग लागण्यापूर्वी झाकण उघडताना पहिला भात घ्यावा. नसेल जमत तर घरून जेवून जावे आणि तिथे ताक, तेही बिनमसाल्याचे, घेऊन यजमानांचा मान राखावा.

## टप्पा ८: चूक झाली तर, आणि वहीत काय लिहावे

ग्लुटेन पोटात गेल्याचे लक्षात आले तर ते बाहेर काढणारे किंवा त्याचा परिणाम पुसणारे औषध नाही. मुद्दाम उलटी करू नये. पाणी आणि जुलाब असल्यास ओआरएस घ्यावे, एक-दोन दिवस भात, ताक, केळी असे साधे खावे. उलट्या थांबत नसतील, जुलाबात रक्त दिसत असेल किंवा लहान मूल मलूल झाले असेल, तर डॉक्टरांकडे जावे. प्रत्येक पोटदुखी ग्लुटेनचीच असते असेही नाही. उन्हाळ्यात उघड्यावरची चटणी त्याला तितकीच जबाबदार असू शकते.

त्याच दिवशी एका छोट्या वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: जागा, वेळ, काय खाल्ले, कोणाला काय विचारले आणि किती पैसे लागले. पुढच्या दोन दिवसांतील त्रास त्यापुढे जोडावा. तीन-चार महिन्यांत घर, कार्यालय आणि बसस्थानक या नेहमीच्या वाटांवर चार-पाच भरवशाच्या जागा पक्क्या होतात आणि रोजची विचारपूस कमी होते. तरीही त्या जागांवर आचारी बदलला, हिंगाचा ब्रँड बदलला किंवा दुकानदाराने समोशाची नवी कढई मांडली, तर टप्पा ६ मधील प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावेत, आणि वहीत त्या जागेपुढे नवी तारीख घालावी.